दुसऱ्याच्या मुशीत

अंजनाला नवऱ्याचा खोकला कळला तो लॅपटॉपवर. कानांनी नव्हे. कानांनी ऐकायला नवरा घरात असावा लागतो, आणि नाथाजी होता तिकडे केरळात, त्रिशूरच्या सोनारबाजारात, हजार किलोमीटरवर.

कवठे महांकाळच्या त्या भागात गलाई म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेरच्यांसाठी सांगतो. जुनं, मोडीचं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालायचं आणि चोख सोनं वेगळं काढायचं, ही गलाई. इकडची माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी या धंद्याला लागली आणि हिंदुस्थानभर पांगली. असं गाव नाही की जिथल्या सराफकट्ट्यामागच्या बोळात आमच्याकडचा एखादा गडी लाल डोळ्यांनी भट्टी फुंकत बसलेला नाही. गावात त्यांचे बंगले आहेत. बंगल्यात बायका आहेत. नाथाजी वर्षाला दिवाळीचे पंधरा आणि जत्रेचे पंधरा दिवस घरी यायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण दोघं एका छपराखाली राहिले ते दिवस जमवले असते तर धड तीन वर्षं भरली नसती.

रोज संध्याकाळी साताच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. त्या फोनचंही एक ठरलेलं होतं.

"जेवली का?"

"आता जेवीन. तुमी?"

"व्हय. इकडं बरं हाय. तिकडं?"

"बरं हाय."

"ठेवतो मग."

गलाईवाल्यांच्या घरात वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, अशी जुनी रीत आहे. एवढ्या लांबून ऐकून माणूस करणार काय, नुसता झुरणार. म्हणून तिकडचा भाजलेला हात इकडे सांगायचा नाही आणि इकडची मेलेली म्हैस तिकडे सांगायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रीत मोठी समजूतदार आहे, फक्त तिच्यापायी नवरा-बायकोला एकमेकांचं काहीच कळत नाही. भरदिवसा फोन वाजला तर मात्र घरातली बाई उचलण्याआधीच रडायला लागते, कारण दिवसाचा फोन एकाच कामासाठी येतो.

आता लॅपटॉपचं सांगतो. तो त्यांच्या लेकीचा, रेश्माचा. ती सांगलीला कॉलेजात होती तेव्हा जुनाच घेतलेला. गेल्याच्या गेल्या दिवाळीत नाथाजी घरी आला असताना त्याला दुकानाचा कसलासा परवाना ऑनलाइन वाढवून घ्यायचा होता. तो रेश्माचा लॅपटॉप घेऊन बसला आणि दोन दिवसांत त्याने त्याची पार रया घालवली. रेश्माच्या खात्यातून तिलाच बाहेर काढून स्वतःचं खातं घातलं. तिने खुणा करून ठेवलेली अभ्यासाची पानं कुठच्या कुठे गेली. आणि तिला वाणिज्य शाखेची व्याख्यानं दाखवायची सोडून ते यंत्र बैलगाडीच्या शर्यती दाखवायला लागलं.

"आप्पा, माझं समदं इस्कटून टाकलंय तुमी!" ती कावली. "सरका तिकडं. तुमचं येगळं करून देते."

तिने ब्राउझरमध्ये तीन प्रोफाइल केले. ब्राउझर उघडला की आधी तीन गोल दिसायचे. एकात मांजर, ते रेश्माचं. एकात विमान, ते आप्पांचं. एकात फूल, ते आईचं. अंजनाने "मला कशाला गं?" म्हणून पाहिलं, पण ब्लाउजचे नवे गळे बघायला तिलाही लॅपटॉप लागायचाच, गावातल्या निम्म्या बायकांचं शिवण तिच्याकडे असे.

"आपापल्या गोलात जायचं," रेश्माने सांगितलं. "तुमची पानं, तुमचं खातं, तुमी काय काय बघिटलं, समदं तुमच्याच गोलात ऱ्हाणार. ह्याचं त्याच्यात मिसळत न्हाई."

नाथाजीला एकदम उमगलं. "म्हंजी आमच्या मुशीवाणी की गं!"

मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. गलाईच्या दुकानात ज्याचं सोनं त्याची मूस, वर त्याच्या नावाची चिठ्ठी. याचं त्यात गुंजभर जाता कामा नये. आणि एका भट्टीवर चारचार गडी बसले तरी कुणी दुसऱ्याच्या मुशीत डोकावत नाही. कुणाचं किती, कसलं, कुठून आलं, बघायचं नाही. जो बघतो त्याला त्या बाजारात पुन्हा कुणी उभं करत नाही. इतक्या वर्षांत आपण कधी दुसऱ्याच्या मुशीत पाहिलं नाही, हे नाथाजी एखाद्याने पदक दाखवावं तसं सांगायचा.

"आगदी तसंच," रेश्मा म्हणाली, आणि इथेच घोटाळा झाला. मुशीला अख्ख्या बाजाराचा पहारा असतो. ब्राउझरच्या गोलाला कुणाचाच नसतो, ज्याचं बोट पडेल त्याला तो उघडतो. रेश्माने "जाताना साइन आउट करा" असं सांगितलं होतं, पण नाथाजीने जाताना लॅपटॉपचं झाकण लावलं. झाकण लावलं की बंद, असा त्याचा हिशेब. त्याआधी यंत्राने विचारलं होतं, की फोनवरचं आणि इथलं सगळं एकत्र जोडून ठेवू का? नाथाजी यंत्राच्या प्रत्येक प्रश्नाला 'होय' म्हणतो. 'नाही' म्हटलं तर काहीतरी अडेल अशी त्याला धास्ती.

पुढच्या वैशाखात रेश्माचं लग्न झालं. ती फलटणला गेली, साखर कारखान्यातल्या केमिस्टच्या घरात. नवऱ्याने तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला, जुना आईकडे राहिला. चार खोल्यांच्या बंगल्यात अंजना, दोन शेळ्या, शिवणयंत्र आणि तीन गोल. दुपारी एक ते चार तर असं सुनं व्हायचं, की शेजारच्या आळीतला मिक्सर ऐकू यायचा. ती मुद्दाम यंत्र जोरात चालवायची.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मोबाइलचं नेट लॅपटॉपला देऊन ती गळे बघायला बसली आणि फुलाऐवजी बोट विमानावर पडलं. आधी तिला कळलंच नाही. आपली ब्लाउजची पानं कुठे गेली म्हणून ती 'इतिहास' असं लिहिलेल्या जागी गेली, तर तिथे भलतंच.

'इडलीचं पीठ लय आंबट झालं तर काय करायचं.'

तिने पुन्हा वाचलं. तारीख आजची होती. वेळ सकाळची साडेसहा.

नाथाजीला टंकायचा कंटाळा. तो फोनच्या ब्राउझरचं माइकचं चित्र दाबायचा आणि समोर माणूस असल्यासारखा बोलायचा. फोन ते जमेल तसं उतरवून घ्यायचा, आणि ते उतरवलेलं त्याच क्षणी हजार किलोमीटरवर, अंजनाच्या पलंगावरच्या लॅपटॉपात येऊन पडत होतं. वर्षभर पडत होतं. कुणी बघितलं नव्हतं, एवढंच.

ती खाली खाली गेली. 'कवठे महांकाळ पाऊस हाय का.' 'गुडघ्यातनं कटकट आवाज येतो.' 'केसाला काळं लावलं तर खाज सुटती का.' 'मल्याळम मध्ये तुमच्या पोरीचं लग्न ठरलं का कसं म्हणायचं.' पोरवयापासून त्या गावात राहून या माणसाला शेजाऱ्याला एवढं विचारता येत नव्हतं! अंजनाला हसू फुटलं. रेश्मा गेल्यापासून त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं, त्यामुळे दारातली शेळीसुद्धा मान वर करून बघायला लागली.

हे बरं नाही, हे तिला समजत होतं. ही त्याची मूस. तिने लॅपटॉप मिटला, हात धुतले, का धुतले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकून ती पुन्हा विमानावर बोट ठेवून बसली.

मग तो परिपाठच झाला. काही बायका दुपारी मालिका बघतात, अंजना नवरा बघायची. त्याने सकाळी काय शिजवलं, कशाने पोट बिघडलं, कुठल्या गावची शर्यत पाहिली, सगळं तिला ठाऊक. दर रविवारी तो नकाशा उघडून, वरून काढलेल्या फोटोत स्वतःचं गाव शोधायचा, हे कळलं तेव्हा तिला गलबलून आलं. तिने तोच नकाशा उघडला. त्यात त्यांच्या गच्चीवर एक तांबडा ठिपका होता. वाळत घातलेलं लुगडं असावं. हा माणूस दर रविवारी आपलं लुगडं बघतो, आणि संध्याकाळी फोनवर 'ठेवतो मग' म्हणतो!

एकदा त्याने 'हुलग्याचं माडगं कसं करायचं' असं विचारलं. तिने त्या दिवशी हुलगे भाजले, दळले आणि माडगं केलं. तिकडे तो पीत असेल त्या अंदाजाने ती इकडे प्याली. संध्याकाळी फोनवर तिला राहवलं नाही.

"गूळ आदी इरघळून घ्यायचा असतो. मागनं टाकला की गुठळ्या व्हत्यात."

"कशात?"

"कशात न्हाई. असंच म्हनलं."

"बरं हाय न्हवं तुझं?"

"बरं हाय."

चोराच्या मनात चांदणं. त्यानंतर आठ दिवस ती फोनवर तोलून-मापून बोलली. तिला भीती होती ती रागाची नव्हे. त्याला कळलं तर तो ते दार लावून घेईल, आणि मग पुन्हा संध्याकाळचे ते मोजके शब्द. सव्वीस वर्षांत जो नवरा मिळाला नव्हता तो तिला त्या गोलात सापडला होता. बोलका, विसराळू, थोडा घाबरट, घराकडे ओढ असलेला. तो जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

माघ सरता सरता खोकला आला.

'खोकला पंधरा दिस झालं जात न्हाई.' पहिल्या दिवशी तिने फारसं मनावर घेतलं नाही. मग अडुळसा आला, ज्येष्ठमध आला, कोमट पाणी आलं. मग, 'तेजाबाच्या धुरानं खोकला येतो का.' मग चार दिवस काहीच नाही. त्या चार दिवसांत अंजनाने एकाच ब्लाउजची बाही दोनदा उलटी शिवली. पाचव्या दिवशी: 'एक्सरेत वरच्या बाजूला डाग म्हंजी काय.' आणि त्याखाली लगेच: 'थुकीतनं रगत.'

संध्याकाळी तिने विचारलं, "आवं, खोकताय व्हय?"

"न्हाई गं. ठसका लागला. इकडं बरं हाय."

त्यांच्याच आळीतला कोंडीबा तिच्या डोळ्यांसमोर होता. तोही भट्टीवरचा, विजयवाड्याचा. पाच वर्षांपूर्वी जत्रेला आला तो नुसता सांगाडा. बायकोला म्हणाला, तिकडचं पाणी मानवत नाही. महिन्यात गेला. सामानात एक्सरेच्या सात पिशव्या निघाल्या. त्याची बायको त्या उन्हाकडे धरून एकेक बघत बसली होती. काही कळत नव्हतं तिला, पण बघत बसली होती.

अंजना आधी नानासोंकडे गेली. नानासो म्हणजे नाथाजीचे चुलते, त्यांनीच त्याला सोळाव्या वर्षी त्रिशूरला नेऊन भट्टीवर बसवलेलं. आता गावात असायचे, लिंबाखाली खाट टाकून. तिने पदर डोक्यावर ओढला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मामंजी, त्यास्नी एक फोन करा. खोकला झालाय, इकडं या म्हनावं. तुमचं ऐकत्यात."

"त्यानं सांगिटलं तुला?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"मग कुणी?"

नानासोंनी तिच्याकडे बघितलं, आणि मग रस्त्याकडे. "पोरी, भट्टीवाल्याचा खोकला असा बोलून दाखवायचा नसतोय. बाजारात कळलं तर कोन सोनार त्याच्याकडं माल सोडंल? उद्या मेला तर आपलं सोनं कुठं शोधायचं म्हनत्यात लोकं. त्यो आपनहून सांगंल तवा सांगंल. तवर तू बी गप ऱ्हा."

ती परत आली. तिला वाटलं, म्हातारा बरोबर बोलतोय. घरी येऊन लॅपटॉप उघडला तर विमानाच्या गोलात नवीन दोन ओळी होत्या. पहिली: 'मिरज फुफ्फुसाचा डॉक्टर.' ती बघून तिचा जीव भांड्यात पडला. येणार, येतो आहे. दुसरी ओळ दहा मिनिटांनंतरची.

'नवरा मेल्यावर घर बायकोच्या नावावर कसं करायचं तिला कागदाचं काय कळत न्हाई.'

अंजनाने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. त्या ओळीत तो तिच्याबद्दल बोलत होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला आपल्याबद्दल काळजीने बोलताना ऐकलं, आणि तेही तो तिच्याशी नव्हे, फोनशी बोलत होता. आता गप्प राहिलं तर हा माणूस असाच एकेक प्रश्न विचारत विचारत मरून जाईल, आणि आपण सगळं वाचलेलं असेल. कोंडीबाच्या बायकोला काही माहीत तरी नव्हतं.

बोललं तर तो जगेल कदाचित, पण तो गोल जाईल. न बोललं तर गोल राहील. असं मांडून बघितल्यावर तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारचे दोन वाजले होते. तिने फोन लावला. भरदिवसाचा फोन. तिकडे पहिल्या घंटेलाच उचलला गेला आणि नाथाजीचा आवाज चिरका आला, "कोन गेलं?"

"कुनी गेलं न्हाई. तुमच्या एक्सरेत डाग हाय. थुकीत रगत येतंय. मला ठावं हाय."

पलीकडे भट्टीचा पंखा घरघरत होता.

"कुनी सांगिटलं?"

"तुमीच." ती म्हणाली. "लॅपटॉपवर तुमचा गोल उघडाच ऱ्हायलाय. तुमी तिकडं फोनला इचारता त्ये समदं हितं दिसतंय."

"कवापास्नं बघतीस?"

खोटं बोलता आलं असतं. कालपासून म्हणाली असती तर पुढचं सगळं निराळं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं. पण त्या क्षणी तिला सुचलं ते खरंच.

"मार्गशीर्षापास्नं."

"समदं?"

"समदं. आवं, या तुमी. मिरजंला जाऊ. घर नावावर करून काय करू मी? या नुसतं."

त्याने फोन ठेवला. 'ठेवतो' सुद्धा म्हणाला नाही.

अंजना लॅपटॉपसमोर बसली. पाच मिनिटांनी तिने पान ताजं करून बघितलं तर वर एक नवी ओळ आली होती.

'दुसऱ्याच्या लॅपटॉपवरनं आपलं खातं कसं काढायचं.'

दुसऱ्याच्या. तो शब्द तिने बोटाने पुसल्यासारखा केला. तो तिकडे तिला बाहेर काढायची वाट विचारत होता, आणि ती वाटही इकडे तिच्याच डोळ्यांसमोर उमटत होती. मग आणखी एक: 'आपण काय शोधलं ते समदं पुसायचं कसं.' तिने फोन उचलून हाक मारावी, नका पुसू म्हणावं, असं तिला फार वाटलं. तिने उचलला नाही. तिने पुन्हा पान ताजं केलं तेव्हा ते रिकामं होतं. इडली गेली, माडगं गेलं, गुडघा गेला. थोड्या वेळाने कोपऱ्यात अक्षरं आली की पुढे चालायचं तर या खात्याचा पासवर्ड द्या.

ती शेळ्यांना पाणी दाखवायला उठली.

संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रेश्माचा आला. "आई, आप्पांनी मला फोन केलता. गुरुवारी मिरज स्टेशनावर उतरत्यात. तू तिथंच ये म्हनालेत. काय झालंय गं?" लेकीकरवी का होईना, पण येतो म्हणाला होता. अंजनाने फोन ठेवून देवापुढे दिवा लावला आणि मग मनसोक्त रडून घेतलं.

मिरजेत दोन दिवस तपासण्या झाल्या. क्षयरोग, आणि तोही तेजाबाच्या धुराने आधीच पोळलेल्या फुफ्फुसात. डॉक्टर फटकळ होते. सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायची नाही, आणि भट्टीचं तोंड जन्मात पुन्हा बघायचं नाही, म्हणाले. "आणखी दोन महिने घालवले असते तर माझ्याकडे येऊन उपयोग नव्हता. कुणी आणलं तुम्हाला?"

नाथाजीने एक्सरे पिशवीत घातला. अंजनाकडे बघितलं नाही.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता, तोंडाला फडकं बांधून. मागे पडणाऱ्या द्राक्षबागांकडे बघत तो एवढंच बोलला, "मुशीत बघितलंस."

"व्हय," ती म्हणाली. "बघितलं."

त्या विषयावर पुढे कधी दोघं बोलले नाहीत. रागावलाय म्हणावं तर तो रागावल्यासारखा वागत नव्हता. ताट पुढे केलं की जेवायचा, गोळी दिली की घ्यायचा. सुरुवातीचे काही आठवडे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे तो पडवीत निराळा झोपायचा, भांडी निराळी. ते आठवडे संपले तरी अंथरूण पडवीतच राहिलं. त्रिशूरचं दुकान भाच्याच्या हवाली झालं. गावातली माणसं बघायला येऊन गेली. नानासो काठी टेकत आले, घटकाभर खोकल्याशिवाय सगळ्या विषयांवर बोलले आणि गेले. रेश्मा चार दिवस राहिली. आईचं आणि वडिलांचं काहीतरी बिनसलंय हे तिला दिसत होतं. लॅपटॉपवरचा विमानाचा गोल तिनेच काढून टाकला, आप्पांच्या सांगण्यावरून. ती फलटणला परत गेली आणि घरात दोघंच उरली.

लोक म्हणायचे, अंजने, नशीब काढलंस, नवरा कायमचा घरी आला. ती हो म्हणायची. खोटं नव्हतं ते. तो जिवंत होता, अंगावर मांस धरत होता, सकाळी दात घासताना त्याचा खाकरण्याचा आवाज घरभर यायचा, आणि त्या आवाजाने तिला दर सकाळी बरं वाटायचं. पण तो एक हजार किलोमीटरवर होता तेव्हा त्याच्या गुडघ्यातून कटकट आवाज येतो हे तिला माहीत होतं. आता तो दहा पावलांवर होता आणि तिला त्याचं काहीही माहीत नव्हतं. दुपारी तो अंगणात खुर्ची टाकून फोन घेऊन बसायचा. फोन तोंडाशी धरून हळू आवाजात काहीतरी विचारायचा, मग बराच वेळ वाचत राहायचा. ती आत यंत्रावर बसलेली असायची. पाय थांबवून ऐकायचा प्रयत्न करायची, तर यंत्र थांबलेलं ऐकून तोही थांबायचा.

ज्येष्ठातल्या एका दुपारी ती गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेली. तो फोनशी बोलत होता. तिची सावली पुढे पडली तसा त्याने फोन छातीशी उलटा धरला, शाळेतली पोरं पाटी झाकतात तसा.

इतके दिवस गिळलेलं वर आलं.

"मला इचारा की!" ती म्हणाली. "फोनला काय इचारताय त्ये मला इचारा. मी हाय न्हवं हितं? गुडघा म्हना, पोट म्हना, पाऊस म्हना. मला ठावं नसंल तर न्हाई म्हनीन. पर इचारा तर खरं."

नाथाजीने तिच्याकडे बघितलं. त्रिशूरहून आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मीठ संपलंय हे सांगावं तसं तो सरळ म्हणाला,

"तुला इचारायची सवय न्हाई गं मला."

तिने गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती घेतली, पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला. फोन अजून छातीशीच होता. तिच्या मनात आलं, सवय तर आपल्याला तरी कुठे आहे? आपण त्याला कधी काही विचारलंच नाही, फक्त वाचत बसलो.

ती त्याच्या खुर्चीजवळ, ओट्याच्या पायरीवर बसली. आता काहीतरी आपणच विचारायचं, असं तिने ठरवलं. यंत्र आत बंद होतं, शेळ्या सावलीला होत्या, घाई कसलीच नव्हती. तोही थांबला होता, ती काय विचारते म्हणून. ती बराच वेळ बसून राहिली, पण काय विचारावं ते तिला सुचेना.